चौदा नंबरची शिट्टी

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चोवीस लॅपटॉप होते आणि चोवीसही कुणीतरी वापरून सोडलेले. एका कंपनीनं जुने झाले म्हणून ते देऊन टाकले आणि आमच्या संस्थेनं नवे आले म्हणून नारळ फोडला. विभागप्रमुख सरांनी त्यांच्यावर फुकटातली लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. मी तिथं लॅब असिस्टंट. टायपिंगच्या जोरावर नोकरीला लागले होते. पुढं मशीन पुसता पुसता, बिघडलेलं चालू करता करता थोडंफार प्रोग्रॅमिंगही यायला लागलं. सर मला ‘बाई’ म्हणत आणि काही अडलं की ‘अहो बाई’.

ह्या लॅपटॉपांना पुढच्या कडेला, टाइप करताना मनगट टेकतं तिथंच, नखाएवढं एक सरकतं बटन होतं. उजवीकडे सरकवलं की वायफाय आणि ब्लूटूथ चालू, डावीकडे सरकवलं की बंद. हल्लीच्या लॅपटॉपांना असलं बटन नसतं. आमच्याकडं होतं, आणि त्याच्यामुळं माझ्यावर जो प्रसंग आला तो मी अजून घरी पूर्ण सांगितलेला नाही.

सुरुवात आदल्या वर्षीच्या प्रॅक्टिकल परीक्षेत झाली. स्क्रीनवर गावाचं नाव छापायचा सोपा प्रोग्रॅम होता. एका मुलानं इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन अक्षरं उलटीपालटी केली आणि सोलापूरचं ‘सोल्पाऊर’ झालं. थोड्या वेळानं दुसऱ्या स्क्रीनवर सोल्पाऊर, मग तिसऱ्या. परीक्षा संपेपर्यंत सोळा जण सोल्पाऊरला पोचले होते. ब्लूटूथवरून एकाची फाइल सगळ्यांकडं गेली होती. सर इतके चिडले की त्यांना ओरडताही येईना. त्यांनी आमच्या वायरमन मामांना बोलावलं. मामा वीज मंडळातून निवृत्त होऊन आमच्याकडं लागलेले. पंखा, पाण्याची मोटर, प्राचार्यांच्या केबिनचा कूलर, सगळं त्यांच्याकडं.

सर म्हणाले, “मामा, ह्या मशीनमधनं काही बाहेर जाता कामा नये.”

“मग वायरच तोडून टाकतो की,” मामा म्हणाले.

“मामा, ते वायरलेस आहे.”

मामांनी थोडा विचार केला. “मग तर तोडायलाबी काय न्हाय की, सर. बंद कसं करायचं?”

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं काम सरांनी माझ्याकडं दिलं. कुठून तरी चाळीस पानं छापून आणली, माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “अहो बाई, एवढं वाचून एक प्रोग्रॅम करा. कुठल्या मशीनचं वायफाय, ब्लूटूथ चालू आहे ते मला एका जागी दिसलं पाहिजे आणि एका जागेवरून बंद करता आलं पाहिजे.”

ती पानं मी जुळे सोलापूर भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, कणीक भिजत ठेवून, ओट्याशी उभी राहून वाचली. पहिले दोन दिवस काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी घरातल्याच एका प्रकारानं कळलं. मी कॉलेजातून आले, किल्ली लावली, कुलूप उघडलं, दार मात्र हलेना. आत सासूबाईंनी कडी घातली होती आणि त्या झोपल्या होत्या. तासभर मी जिन्यात बसले. किल्ली माझ्या हातात, कुलूप उघडं, तरी मी बाहेर. आणि बसल्या बसल्या एकदम उजेड पडला. ह्या लॅपटॉपांनाही दोन बंद्या आहेत. एक सिस्टिमची, ती प्रोग्रॅमला लावता येते, काढता येते. दुसरी त्या सरकत्या बटनाची, ती माणसाच्या हाताची. प्रोग्रॅमला ती नुसती दिसते, उघडता येत नाही. दोन्हींपैकी एक जरी लागलेली असली तरी रेडिओ, म्हणजे वायफाय-ब्लूटूथचा आतला भाग, मुका. दोन्ही निघाल्या तरच तो बोलतो. आणि कुठलीही बंदी लागली किंवा निघाली की सिस्टिम ते एका ठरलेल्या ठिकाणी कळवत राहते. ज्या प्रोग्रॅमला हवं त्यानं तिथं कान देऊन बसावं.

सासूबाईंनी दार उघडलं तेव्हा मी हसत होते. त्यांना वाटलं मी त्यांनाच हसते, आणि दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

प्रोग्रॅम मला तीन आठवडे पुरला. सगळी मशीनं केबलनं माझ्या मशीनला जोडलेली होतीच. माझ्या स्क्रीनवर चोवीस चौकोन. रेडिओ बंद असेल तर हिरवा, चालू झाला की लाल. खाली एक मोठं बटन, ते दाबलं की चोवीसही मशीनांवर सिस्टिमची बंदी लागणार. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी ते बटन स्वतः अकरा वेळा दाबून पाहिलं. मग म्हणाले, “अहो बाई, लाल झालं की आवाजही झाला पाहिजे. तुम्ही कधी रजिस्टरमध्ये डोकं घालून बसलात तर?”

आवाज कसला द्यायचा? मोबाइलच्या रिंगसारखा दिला तर खरा मोबाइल वाजला की घोळ. घंटा दिली तर पोरं तास संपला म्हणून उठतील. शेवटी मी घरी कुकरची शिट्टी रेकॉर्ड केली. कुठल्याही मोबाइलची रिंग तशी नसते, असा माझा हिशेब.

परीक्षेच्या सकाळी मामांनी चोवीसही मशीनांची बटनं हातानं डावीकडे सरकवली. मी माझ्या बाजूनं सिस्टिमची बंदी लावली. दोन्ही बंद्या, चोवीस हिरवे चौकोन. एवढ्या उन्हाळ्यात मला ते हिरवं बघून गार वाटलं.

एक्सटर्नल मॅडम बाहेरगावच्या होत्या. साठीला आलेल्या, कडक सुती साडी, पायात बूट. आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, “हा काय प्रकार?” मी चौकोन दाखवले, समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, “चांगलं आहे. मशीन खोटं बोलत नाही.” सर माझ्याकडं बघून हसले. नोकरीत सर माझ्याकडं बघून हसल्याची ती दुसरीच वेळ असेल.

पेपर सुरू होऊन दहा मिनिटं झाली आणि शिट्टी झाली.

लॅबमधली तेवीस डोकी वर आली. मॅडमनी इकडंतिकडं पाहिलं. “कुणाच्या घरी डाळ शिजतेय?”

“मॅडम, तो आपलाच आवाज आहे,” मी म्हणाले. चौदा नंबरचा चौकोन लाल होता.

मॅडम उठून चौदाकडं निघाल्या. निम्म्या वाटेत असतानाच चौकोन पुन्हा हिरवा झाला. चौदावर बसली होती तिसऱ्या वर्षाची एक मुलगी, माळशिरसकडची. तीनच आठवड्यांपूर्वी तिचं लग्न झालं होतं. दोन्ही हातांत कोपराच्या जवळपर्यंत हिरवा चुडा, हळदीचा रंग अजून नखांवर. मॅडम समोर उभ्या राहिल्या तशी ती हात मांडीवर घेऊन ताठ बसली. मॅडमनी स्क्रीन पाहिली, टेबलाखाली पाहिलं. काही नाही. त्या परत येऊन खुर्चीवर टेकतात तोच दुसरी शिट्टी. पुन्हा चौदा. पुन्हा मॅडम उठल्या, पुन्हा हिरवं.

तिसऱ्या शिट्टीला मागच्या रांगेतून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, “झाल्या तीन, गॅस बंद करा.” सगळी लॅब हसली. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

“मुली, ऊठ. काय आहे तुझ्याकडं?”

“काय बी न्हाय, मॅडम.”

“मोबाइल?”

“सासूबाईंकडं दिलाय. त्या भाईर लिंबाखाली बसल्यात.”

खिडकीतून खरंच एक बाई दिसत होत्या, मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन बसलेल्या. मॅडमनी मला त्या मुलीला तपासायला सांगितलं. मी तिला कपाटाआड नेलं, चाचपलं. रुमाल, हॉल तिकीट आणि एक खडीसाखरेचा खडा, एवढंच निघालं. ती म्हणाली, “मॅडम, आयची शप्पत, म्या कशालाच हात लावला न्हाय ओ.”

सर म्हणाले, “मशीनच खराब असेल. हिला नऊ नंबरवर बसवा, ते रिकामं आहे, तो मुलगा गैरहजर आहे.”

तिला नऊवर बसवलं. पाच मिनिटं शांतता. मग शिट्टी. चौदा हिरवं आणि नऊ लाल.

आता मात्र सगळ्यांचे चेहरे बदलले. मशीन बदललं तरी शिट्टी मुलीच्या मागं मागं गेली, म्हणजे गडबड मुलीतच. मामा स्टूल आणायला आत आले होते, ते मला हळूच म्हणाले, “बाई, काय काय माणसांच्या अंगात करंट असतोय. आमच्या लायनीवर एक जण होता, त्यानं टेस्टर धरला की दिवा लागायचा.” मॅडमनी ते ऐकलं आणि मामांकडं असं पाहिलं की मामा स्टूल न घेताच बाहेर गेले.

मॅडमनी कॉपी केसचा फॉर्म काढला. मुलीचा बैठक क्रमांक लिहिला. मग फॉर्म माझ्यापुढं सरकवला. “साक्षीदार म्हणून तुमची सही. तुमच्याच प्रोग्रॅमनं पकडलंय.”

मी पेन उघडलं. खरं सांगते, मला तेव्हा त्या मुलीपेक्षा माझ्या प्रोग्रॅमचाच अभिमान जास्त वाटत होता. तीन आठवडे खपले होते. कुणीतरी पकडलं गेलंच नसतं तर त्या चोवीस चौकोनांचा उपयोग काय, असंही मनाच्या तळाशी कुठंतरी होतं. पण सहीची पहिली रेघ ओढली आणि हात थांबला. ती मुलगी रडत नव्हती. नऊ नंबरच्या स्क्रीनकडं बघून मनातल्या मनात प्रोग्रॅमच्या पुढच्या ओळी म्हणत होती. ओठ हलत होते. कॉपी करणारं पोर एवढ्या वेळात फॉर्मकडं बघतं, दाराकडं बघतं. ही स्क्रीनकडं बघत होती.

मी म्हणाले, “मॅडम, एक मिनिट. हिला माझ्यासमोर टाइप करू द्या.”

“त्यानं काय होणार?”

“बघू तरी.”

मी साडी सावरून सरळ फरशीवर बसले, टेबलाच्या कडेला डोळे लावून. पोरं हसत होती, हसू दे म्हटलं. मुलीनं हात पुढं केले. मनगटं कडेवर टेकली. एक ओळ टाइप करून ती ओळीच्या शेवटाकडं उजवीकडे झुकली आणि तिच्या हातातल्या शेवटच्या काचेच्या बांगडीनं ते नखाएवढं बटन अगदी अलगद, जसं कुणी मुद्दाम करावं तसं, उजवीकडे सरकवलं.

शिट्टी झाली.

“आता हात मांडीवर घे,” मी म्हणाले. तिनं हात मागं ओढले. बांगडीनं बटन परत डावीकडे आणलं. हिरवं.

“पुन्हा.”

पुन्हा शिट्टी. मी खालूनच ओरडले, “मॅडम, बांगडी आहे, बांगडी!”

मॅडम आल्या. गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या आणि त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी दोनदा पाहिलं. सरांनी पाहिलं. दारातून मामांनी मान घालून पाहिलं. आणि मग सरांनी तो प्रश्न विचारला जो त्यांनी विचारला नसता तर बरं झालं असतं.

“पण बाई, बटन सरकलं तरी काय झालं? सिस्टिमची बंदी तर तुम्ही लावलीच होती ना? तुम्हीच म्हणालात की एक जरी लागलेली असली तरी रेडिओ बंद.”

मी फरशीवरून उठायला जरा जास्तच वेळ घेतला. खरंच, कडी सरकली तरी माझं कुलूप होतंच की. मग ते उघडलं कुणी? आणि उठता उठता मला त्या चाळीस पानांतलं एक पान आठवलं, जे मी कुकरच्या वाफेत घाईनं उलटलं होतं. माणसानं स्वतःच्या हातानं बटन चालू केलं, तर त्याला सगळं चालू हवं असेल, असं सिस्टिम गृहीत धरते. म्हणून बटन सरकताच ती सगळ्या रेडिओंवरची आपली बंदीसुद्धा स्वतःच उचलते. पाहुणा दारात दिसला की घरातलं कुणीतरी पुढं होऊन दार उघडतं तसं. मी कुलूप लावून निवांत बसले होते आणि सिस्टिम माझ्या माघारी ते अदबीनं उघडत होती. बिनचूक काही चाललं असेल तर ती शिट्टी तेवढी. दोन बंद्यांसकट हे सगळं मी तिथंच, पोरांसमोर, सांगून टाकलं.

“म्हणजे चूक कुणाची?” मॅडमनी विचारलं.

सरांनी छताकडं पाहिलं.

“माझी,” मी म्हणाले. “मी नीट वाचलं नव्हतं.”

मॅडमनी माझ्या अर्ध्या सहीचा फॉर्म उचलला, चार तुकडे केले आणि पर्समध्ये टाकले. मग मुलीला म्हणाल्या, “बांगड्या काढून ठेव आणि लिही. पंधरा मिनिटं वाढवून देते.”

मुलगी जागची हलेना. खिडकीतून लिंबाकडं बघत म्हणाली, “काडता येत न्हाईत, मॅडम. म्हैना न्हाय झाला अजून.”

आता हे काय नवीन, म्हणून मीच बाहेर गेले. सासूबाई मला येताना बघूनच उभ्या राहिल्या. मी काही सांगायच्या आत म्हणाल्या, “काय झालं ओ बाई? माज्या सुनंनं काय केलं?”

मी सगळं सांगितलं. वायफाय, बटन, बांगडी. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं आता भांडण. त्या म्हणाल्या, “बांगडी काडायची न्हाय. पन काडायला कशाला पायजे?” आणि माझ्या मागोमाग सरळ लॅबमध्ये शिरल्या. कुणाची परवानगी नाही, काही नाही. सुनेचा हात धरला, बांगड्या एका हातानं वर कोपराकडं दाबल्या, भाकरीच्या गाठोड्याचं फडकं सोडलं, टर्रकन मधोमध फाडलं आणि एकेका हाताला एकेक पट्टी घट्ट गुंडाळून गाठ मारली. “आमी खुरपायला जाताना असंच बांदतो. ल्हिय आता.”

सगळी मिळून दोन मिनिटं लागली असतील. माझे तीन आठवडे गेले होते.

सोडलेल्या भाकऱ्या आणि शेंगाचटणी हातात तशीच घेऊन त्या बाहेर गेल्या. लसणाचा वास मात्र परीक्षा संपेपर्यंत लॅबमध्ये राहिला. मुलगी लिहीत होती. शिट्टी पुन्हा झाली नाही.

दुपारी तोंडी परीक्षा होती. मॅडमनी सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा ठरवला, “वायफाय बंद आहे की चालू, हे प्रोग्रॅमला कसं कळतं?” एकामागून एक पोरं आत जाऊन माना खाली घालून बाहेर येत होती. पुस्तकात तो धडा नव्हता. ही मुलगी आत गेली, हाताला अजून फडकं बांधलेलं. मी रजिस्टर घेऊन शेजारीच होते.

“दोन बंद्या असत्यात,” तिनं सुरुवात केली. “एक हाताची, एक सिस्टिमची. प्रोग्रॅमला दोनी दिसत्यात, पन हाताची त्याला उगडता येत न्हाय. आन् हातानं चालू केलं की सिस्टिम आपली बी बंदी उचलती, ते... ते बाईंनी वाचलं नव्हतं.”

मॅडम माझ्याकडं न बघता गुण लिहीत होत्या. पेन बराच वेळ चाललं.

दुसऱ्या दिवशी मी ती चाळीस पानं पहिल्यापासून वाचली, ह्या वेळी कुकर बंद ठेवून. उपाय तिथंच होता, एका ओळीचा. प्रोग्रॅमला सिस्टिमला सांगता येतं, ‘बटनाचं तू बघू नकोस, मी बघते.’ तो प्रोग्रॅम चालू आहे तोपर्यंत बटन सरकलं तरी सिस्टिम स्वतःहून काही उघडत नाही. मी ती ओळ घातली. चालते का बघायला आणखी एक मशीन हवं होतं, म्हणून सर जेवायला गेले असताना त्यांच्या टेबलावरच्या जुन्या लॅपटॉपवर तो प्रोग्रॅम चढवला. बंदी लावली, बटन सरकवून पाहिलं, काही उघडलं नाही. उत्तम चालला. मग मामांनी हाक मारली, मोटरला पाणी चढत नव्हतं, मी गेले आणि विसरले.

दोन दिवसांनी सरांची विद्यापीठाबरोबर ऑनलाइन मीटिंग होती. मी पोचले तेव्हा सर घामाघूम होऊन बटन डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे करत होते. मामा स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले होते आणि लॅपटॉपच्या तळाचे चार स्क्रू निघालेही होते.

“अहो बाई, बघा हो, मेलंय हे. दोन दिवस झाले, मोबाइलवर भागवतोय.”

मी पुढं झाले, प्रोग्रॅम बंद केला आणि बटन एकदा मागं-पुढं केलं. वायफाय लागलं. स्क्रीनवर विद्यापीठातले नऊ चेहरे आले आणि त्या सगळ्यांना आमच्या मामांचा स्क्रूड्रायव्हर दिसला.

सरांनी आधी स्क्रीनकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आवाज बंद असल्याची खात्री करून घेतली.

“हेही तुम्हीच?”

“हो, सर.”

“उद्या बोलू आपण ह्याच्यावर.”

उद्या ते बोलले नाहीत. परवाही नाहीत. आठवड्यानं निकाल लागला, ती मुलगी प्रॅक्टिकलमध्ये वर्गात दुसरी आली होती. सरांनी यादी माझ्या टेबलावर ठेवली आणि तिच्या नावाशी बोट नेऊन म्हणाले, “तोंडीत फार चांगलं बोलली म्हणे. काय बोलली एवढं?”

मी म्हणाले, “दोन बंद्यांबद्दल, सर,” आणि पुढचं वाक्य गाळलं.